व्हर्च्युअलबॉक्स सुरू केलं की कॉम्प्युटर थिजतो, काय करू?

भाऊ, तुमचं मशीन रायझन ५ १६०० प्रोसेसरचं, रॅम १६ जीबी, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्स चालू असताना माऊससकट सगळं गोठतं. नवीन रॅम घ्यायला नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात धावू नका, आधी सेटिंग बघा.

व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं फीचर, हायपर-व्ही, आडवं आलंय. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म बंद करून रीस्टार्ट करा. तरी कासव गेलं नाही, तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का ते तपासा. मात्र ते सुरक्षेसाठी असतं, उगाच बंद ठेवू नका. डॉकर (अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ही फीचर्स त्यालाही लागतात, हे ध्यानात घ्या.

तुमच्या प्रोसेसरला खरे कोअर ६ आहेत. थ्रेड (प्रत्येक कोअरचे दोन धागे) १२ दिसतात म्हणून व्हर्च्युअल मशीनला १२ दिले, तर विंडोजला श्वास घ्यायला काही उरत नाही. उबंटूला ३ कोअर आणि ६ जीबी पुरे.

काम नसताना, नुसतं पडून असतानाच गोठतं का? मग माझा संशय वेगळा. तुमच्या १६०० सारख्या पहिल्या पिढीच्या रायझनला हा त्रास होऊ शकतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा, 'टिपिकल करंट आयडल' करा. माझ्या मशीनचं रोजचं गोठणं याच एका बदलानं थांबलं. तिथलं एसव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरची सोय, मात्र चालूच ठेवा.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, म्हणून हीटसिंकमधली (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ आजच काढा.