मुलाचा जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) २.६ आहे, तरी कॉलेजने फायनान्शियल एड (शिक्षणासाठीची सरकारी मदत) थांबवली. असं कसं? आता काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ग्रीन कार्डवर न्यू जर्सीत आलात, मुलगा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) आहे. फॉलला (ऑगस्ट ते डिसेंबर) त्याने १५ क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) घेतले, त्यात ३ क्रेडिटचा एक विषय गेला. स्प्रिंगला (जानेवारी ते मे) १४ घेतले, पण कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री हे ४-४ क्रेडिटचे दोन विषय झेपेनात म्हणून मध्येच सोडले आणि उरलेले ६ पास झाला. आता ईमेल आलाय की एड सस्पेंड, आणि तुम्हाला वाटतंय की त्याला कॉलेजातून काढलं.

आधी हे सांगते: काढलेलं नाही. तो पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवू शकतो, फक्त सरकारी पैसे मिळणार नाहीत. मी १९ व्या वर्षी मिरजेहून आई-बाबांबरोबर इकडे आले आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी नेमका हाच ईमेल मलाही आला होता. त्या रात्री घरात कोणी जेवलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या नियमाचं नाव सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस, सगळे त्याला सॅप म्हणतात. पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत), वर्क-स्टडी (सरकारी मदतीतून मिळणारी अर्धवेळ नोकरी), सरकारी लोन, या सगळ्यांना तो लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. एक जीपीए, बहुतेक ठिकाणी २.०. तिथे तुमचा मुलगा पास आहे. दुसरी 'पेस', म्हणजे जेवढे क्रेडिट घेतले त्यातले किती पूर्ण केले. तिसरी कमाल मर्यादा: डिग्रीला जितके क्रेडिट लागतात त्याच्या दीडपटीपर्यंतच एड मिळते. ६० क्रेडिटच्या असोसिएट (दोन वर्षांच्या) डिग्रीला ९०. आता ९० मध्ये ६० पूर्ण व्हायचे तर दर तीन क्रेडिटमागे दोन पदरात पडायलाच हवेत. बहुतेक कॉलेजं पेससाठी जो ६७ टक्क्यांचा आकडा धरतात, तो इथूनच येतो.

मुलाचा हिशोब करा. घेतले २९, पूर्ण १८. म्हणजे ६२ टक्के. तो अडकलाय तो इथे.

आपल्या लोकांची चूक होते ती सोडलेल्या विषयांत. आपल्याकडे एटीकेटीची सवय. विषय राहिला तर राहिला, पुढे काढू. इथे तर विषय सोडला की मार्कशीटवर नुसता 'डब्ल्यू' येतो, जीपीएला धक्का लागत नाही, आणि ॲडव्हायझरही कधीकधी सांगतात की एफ (नापास) मिळण्यापेक्षा डब्ल्यू बरा. जीपीएपुरतं ते खरंच आहे. पण पेसच्या हिशोबात डब्ल्यू म्हणजे घेतलेला आणि पूर्ण न केलेला विषय, एफसारखाच. मुलाचे ८ क्रेडिट तिथेच गेले. सेमिस्टरच्या सुरुवातीला ॲड-ड्रॉपची मुदत असते, तेवढ्यात सोडलेला विषय सहसा मोजत नाहीत. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

माझी गोष्ट अशी. बाबांना हार्ट अटॅक आला, घरात एकच पगार उरला, आणि मी डोनटच्या दुकानात रात्रपाळी धरली. पहाटे सहाला सुटायचे आणि आठला लेक्चर. दोन विषय सोडले, एकात नापास झाले. ईमेल आल्यावर अपील लिहिलं, दोन पानं. आम्ही किती कष्टात आहोत, मी किती हुशार होते, दहावीला किती टक्के होते. ते घेऊन फायनान्शियल एडच्या काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं वाचलं, पेन्सिल उचलली आणि फॉर्मवरच्या दुसऱ्या प्रश्नाखाली रेघ मारली: आता काय बदललंय? माझ्या दोन पानांत त्याचं उत्तर एका ओळीतसुद्धा नव्हतं.

अपिलात दोनच गोष्टी मागतात: काय घडलं, आणि पुढच्या तपासणीपर्यंत गाडी रुळावर येईल असं आता काय बदललंय. घरातला मृत्यू, आजारपण, दुखापत किंवा तशीच खास परिस्थिती हे कारण चालतं, पण कागद जोडावा लागतो. मी बाबांचे हॉस्पिटलचे कागद जोडले, मालकाकडून शनिवार-रविवारच्या दिवसपाळीचं पत्र आणलं, ट्युटोरिंग सेंटरला नाव घातलं. पत्र एका पानात बसलं. अपील मंजूर झालं, एका सेमिस्टरचं प्रोबेशन मिळालं, म्हणजे अटीवर एड पुन्हा सुरू, सोबत एक लेखी प्लॅन: एकही विषय सोडायचा नाही.

तुमच्या मुलाचं खरं कारण काय, हे तुम्ही लिहिलं नाही. तब्येत, नोकरी, घरचं काही असेल तर अपील जरूर करा. 'विषय अवघड होते' एवढंच असेल तर मंजूर होणं कठीण आहे. काहीतरी रचून लिहू नका. पण मग दुसरी वाट आहे. समरमध्ये स्वतःच्या खिशातून ३-३ क्रेडिटचे दोन विषय घेऊन पास झाला, तर ३५ पैकी २४ होतात, म्हणजे ६८ टक्क्यांच्या वर. एकच विषय घेतला तर ३२ पैकी २१, ६५.६, थोडक्यात हुकतं. तेव्हा दोन घ्या, सोपे घ्या, पण डिग्रीत धरले जातील असेच घ्या. नंतर पुन्हा तपासणी करा असं त्यानेच ऑफिसला सांगावं.

एक सेमिस्टर घरी बसवायचा तुमचा विचार आहे, तो मात्र सोडा. नुसतं थांबून टक्केवारी बदलत नाही. सरकारी लोन घेतलं असेल तर अर्ध्या वेळेपेक्षा कमी क्रेडिट झाल्यापासून सहा महिन्यांची सवलत सुरू होते, आणि ती संपली की हप्ते.

पुढे कधी सगळेच विषय सोडायची वेळ आली, तर आधी ऑफिसला विचारल्याशिवाय सोडू देऊ नका. सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळं सोडलं तर एडचा काही भाग परत जातो, आणि कॉलेज ते बिल तुमच्या मुलाच्या नावावर लावू शकतं. पेल ग्रँटलाही आयुष्यभराची मर्यादा आहे, साधारण १२ पूर्ण सेमिस्टर. २०२५-२६ ला वर्षाची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे वाया गेलेलं एक सेमिस्टरसुद्धा स्वस्त नाही.

विषय पुन्हा घेऊन पास झाला की जुना एफ जीपीएमधून निघतो, अशी कॉलेजची सोय असेल. पेसमध्ये मात्र दोन्ही वेळचे क्रेडिट मोजतात.

आणि आता थोडं तुमच्याबद्दल. तुम्ही कॉलेजला फोन केलात आणि त्यांनी काही सांगायला नकार दिला, याचा तुम्हाला राग आलाय. त्यांचा दोष नाही. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजातल्या मुलाच्या परवानगीशिवाय साधारणपणे आई-वडिलांनाही माहिती देता येत नाही. मुलाने लेखी संमती दिली तर बोलतील. पण मी म्हणेन, त्यालाच जाऊ द्या. माझे बाबा आजारातून उठून माझ्याबरोबर यायला निघाले होते, मी हात जोडून थांबवलं. काउंटरवर स्वतः उभी राहिले म्हणूनच तो दुसरा प्रश्न मला कळला. पत्रही त्यालाच लिहू द्या, तुम्ही फक्त स्पेलिंग बघा.

राज्याच्या आणि कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपच्या अटी वेगळ्या असतात, त्या त्याला स्वतंत्र विचारायला सांगा. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा एच-४ (एच-१बी वगैरेवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असेल तर ही सरकारी एड मुळातच मिळत नाही, वरचं सगळं प्रामुख्याने ग्रीन कार्डवाले आणि नागरिकांसाठी आहे.

उद्या सकाळी पहिलं काम: कॉलेजच्या पोर्टलवर सॅप पॉलिसी उघडून अपिलाची शेवटची तारीख बघायची. फॉलच्या बिलाची मुदत त्याआधी असेल, तर हप्त्यांचा प्लॅन मिळतो का ते बर्सरच्या (फी घेणाऱ्या) ऑफिसात विचारायचं, नाहीतर अपिलाचा निकाल यायच्या आत वर्गातून नाव निघू शकतं. त्याच्या अपिलाचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सांगेन, फक्त नाव आणि कॉलेज काढून टाका.