तक्रारींचं 'हिमस्खलन' होतं का?

सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. त्या इंग्रजी बातम्या मराठीत आणतात. एका विमान कंपनीबद्दलच्या बातमीत 'अ‍ॅव्हलांच ऑफ कम्प्लेंट्स' आलं, त्यांनी 'तक्रारींचं हिमस्खलन' लिहिलं आणि आता ते त्यांनाच खटकतंय. बदलावं का?

बदला, ताई. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो त्या गावात हिमस्खलनाचा धाक कुणाला वाटणार? इंग्रजीला तो शब्द फ्रेंचमार्गे आल्प्सकडून मिळाला. इंग्रजीत प्रत्येक संकटाच्या शब्दाचं काम जवळजवळ ठरलेलं आहे. 'फ्लड' म्हणजे येतच राहणं, 'अ‍ॅव्हलांच' म्हणजे एकदम अंगावर कोसळणं, 'हेल' म्हणजे गारांसारखा मारा, म्हणून तो बंदुकीच्या गोळ्यांचा. 'लँडस्लाइड' बहुतेक निवडणुकीतच. त्याला आपला 'दणदणीत विजय' आहे, दरड कशाला हवी? 'त्सुनामी' हा जपानी शब्द, अर्थ बंदरातली लाट. २६ डिसेंबर २००४ नंतर तो आपल्याकडे घरोघरी पोचला. त्या दिवशी माणसं गेली, म्हणून संख्येसाठी मी तो वापरत नाही.

मराठीत भरपूरपणा पाण्यातून येतो तसा खळ्यातून, कोठारातूनही येतो. रास, ढीग, आणि माझा लाडका 'पेव फुटणे'. मंगळवेढ्याकडे आमच्या आजोळी जोंधळ्याचं पेव होतं. घट्ट मुरमात खोदलेला खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंडावर फरशी आणि वर माती. उघडलं तरी लगेच कुणी उतरायचं नाही. आजोबा आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडत. विझला तर आत वाईट हवा कोंडलीय, थांबा. वरून नुसती सपाट जमीन, खाली पोतीच्या पोती धान्य. 'क्लासेसचं पेव फुटलंय' म्हणताना तेच चित्र असतं : काल इथे काही नव्हतं, आज मावत नाही. पण त्यात आता नापसंती मुरलीय. खऱ्या तक्रारींना ते लावलं तर तक्रार करणाऱ्यांवरच अन्याय होईल.

'पूर' चालतो, मात्र जागा बघून. आषाढीला 'चंद्रभागेकाठी भाविकांचा महापूर' असा मथळा येतो. भाव भक्तीचा असतो, कबूल. पण उजनी धरणातून पाणी सोडलं की त्याच चंद्रभागेला खराखुरा पूर येतो, आणि घरचं माणूस वारीत असलं की तो मथळा वाचून काळजात धस्स होतं. तिथे 'अलोट गर्दी' लिहावं. माणसांचा 'लोंढा' तर मला मुळीच सोसत नाही. परागंदा झालेल्यांना तो शब्द लावला की त्यांची तोंडंच पुसली जातात.

तुमच्या बातमीत तक्रारी एका दिवसात आल्यात, तेव्हा 'कंपनीवर तक्रारींचा भडिमार झाला'. आणि पुढच्या परिच्छेदात त्या निकालात न निघता पडून आहेत, तिथे 'तक्रारींचा ढीग साचला'.