वाचकांचे प्रश्न : समाजमाध्यमे सोडल्याने खेळाडूंची विटंबना थांबेल का?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका गावी क्रीडाशिक्षक असून संध्याकाळी मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचा सराव घेतो. यंदा हिवाळ्यात शेजारच्या गावच्या खुल्या सामन्यांत आमचा संघ अंतिम फेरीत एका गुणाने हरला. शेवटच्या चढाईत आमच्या मुलीने बोनस रेषा ओलांडली, पण तिचा मागचा पाय जमिनीला टेकलेला असल्यामुळे पंचांनी गुण दिला नाही, आणि तो निर्णय बरोबरच होता. सामना यूट्यूबवर थेट दाखवला जात होता व बाजूच्या चॅटमध्ये त्याच क्षणापासून घाण शेरे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी तेवढ्या चढाईची रील निघाली. तिच्या कपड्यांवर, जातीवर आणि ‘पैसे खाऊन हरली’ अशा आरोपांवर शंभरेक शेरे पडले, आणि ती रील आसपासच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. मुलीने सरावाला येणे बंद केले आहे. २०२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघांनी केले तसे आपणही सर्वांनी महिनाभर समाजमाध्यमे सोडावीत, असा संघातील मोठ्या मुलींचा आग्रह आहे. याचा उपयोग होईल का?
— एक क्रीडाशिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : सर, नमस्कार. महिनाभर समाजमाध्यमे सोडल्याने ही शिवीगाळ थांबेल, असे मला वाटत नाही. तरीही मुलींची मागणी उडवून लावू नका, कारण एकीच्या वाट्याला आलेला त्रास साऱ्या संघाने आपला मानला आहे आणि तुमच्या हातातले सर्वांत मोठे बळ तेच आहे. ते कुठे लावायचे, एवढाच प्रश्न आहे.

ज्या उदाहरणाचा मुली दाखला देतात ते आधी नीट पाहू. मार्च २०२१ च्या अखेरीस थिएरी ऑन्री या माजी फुटबॉलपटूने वर्णद्वेषी शेऱ्यांच्या निषेधार्थ समाजमाध्यमे सोडली. एप्रिलमध्ये स्वान्सी सिटी, बर्मिंगहॅम सिटी आणि स्कॉटलंडच्या रेंजर्स या क्लबांनी आठवडाभर मौन पाळले. त्यानंतर ३० एप्रिलच्या दुपारी तीनपासून ३ मेच्या मध्यरात्रीपर्यंत प्रीमियर लीगसह इंग्लंडच्या साऱ्या प्रमुख फुटबॉल संस्थांनी फेसबुक, ट्विटर आणि इन्स्टाग्रामवरची आपली खाती गप्प ठेवली आणि क्रिकेट, रग्बी, टेनिसच्या संस्थाही त्यात उतरल्या. कोट्यवधी अनुयायी असलेले क्लब एकाच वेळी गप्प बसले, त्यामुळे हा विषय जगभर चर्चेत आला, हे त्या चार दिवसांचे खरे फलित आहे.

पण दहाच आठवड्यांनी, ११ जुलै २०२१ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरो फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि सामना संपताच तिघांवर वर्णद्वेषी शेऱ्यांचा भडिमार सुरू झाला. बहिष्काराने कंपन्यांचे फारसे अडले नव्हते, आणि क्लब मंगळवारी परतणार हे त्यांना आधीच ठाऊक होते. या सामन्यानंतर जे हलले ते तपासामुळे हलले. ब्रिटिश पोलिसांनी २०७ शेरे गुन्हा ठरण्याजोगे मानले, त्यांतील ३४ खाती ब्रिटनमधली निघाली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ११ जणांना अटक झाली. ट्विटरने स्वतःच्या पडताळणीत सांगितले की, या स्पर्धेच्या संदर्भात कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांच्या मालकांची ओळख पटण्याजोगी होती. पुढे २०२२ च्या कायद्याने अशा ऑनलाइन गुन्ह्यांसाठीही मैदानावर प्रवेशबंदीचा आदेश देण्याची सोय झाली आणि २०२३ मध्ये ब्रिटनने ऑनलाइन सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. त्या चार दिवसांच्या मौनाचा या कायद्यांना हातभार लागला असे मी मानते, पण त्या मौनामागे लिखित मागण्या होत्या आणि पाठपुरावा करणाऱ्या संस्था होत्या.

आता तुमच्या गावाकडे येऊ. बारा मुलींच्या संघाने इन्स्टाग्राम सोडले, तर त्या कंपनीला पत्ताही लागणार नाही. उलट शिवीगाळ करणाऱ्याला वाटेल की आपण पोरींना पळवून लावले. मग तुमच्या संघावाचून नेमके कोणाचे अडते? अडते ते सामने भरवणाऱ्या मंडळांचे. सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी आटोपली की गावोगाव मांडव पडतात, सरपंचांच्या आणि पाटलांच्या नावाने बक्षिसे लागतात, आणि मुलींचा सामना असेल त्या रात्री पटांगण भरते. अंतिम फेरीपर्यंत जाणारा संघ आला नाही, तर आयोजकांची पंचाईत होते. थेट प्रक्षेपण करणाऱ्या यूट्यूबवाल्याचेही तसेच आहे, कारण त्याला प्रेक्षक हवे असतात आणि त्याला बोलावतो तो आयोजकच. बहिष्काराची भाषा करायचीच असेल, तर ती इथे करा.

त्यासाठी तालुक्यातील दोन-चार मुलींच्या संघांनी मिळून आयोजकांना एक पत्र द्यावे. थेट प्रक्षेपणातील चॅट एकतर बंद राहील किंवा शेरे काढून टाकण्यासाठी एक माणूस नेमलेला असेल, सामन्याचे तुकडे रील म्हणून टाकताना खेळाडूची टर उडवली जाणार नाही, आणि ज्याने नावानिशी घाण शेरा लिहिला तो पुढच्या वर्षी खेळाडू, समालोचक किंवा स्वयंसेवक म्हणून मांडवात दिसणार नाही, एवढ्याच अटी त्यात असाव्यात. त्या मान्य असल्याचे प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी लेखी घ्या. यूट्यूबवर चॅट बंद करायला एक बटण पुरते, त्यामुळे ‘तांत्रिक अडचण’ हे कारण कोणी सांगू लागला तर ऐकून घेऊ नका.

एक धोका मात्र आत्ताच सांगून ठेवते. रील काढणारा पोरगा कोणाचा, हे गावात दोन दिवसांत कळते, आणि मग रागाच्या भरात त्याच्या घराशी बोलणे बंद करा, त्यांना कार्यक्रमाला बोलावू नका, अशी भाषा निघते. तसे मुळीच होऊ देऊ नका. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा अधिनियम लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय बापाने कपाशीच्या फवारणीत घालवलेला दिवस आणि पोराने मोबाइलवर घालवलेली रात्र यांचा हिशेब एकाच खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे. सामन्यांच्या लेखी नियमानुसार, विशिष्ट वर्तनासाठी, त्या एका व्यक्तीवर ठरावीक मुदतीची मनाई करणे वेगळे, आणि कुटुंबाला वाळीत टाकणे वेगळे.

व्हॉट्सॲप ग्रुपचे काम तुलनेने सोपे आहे, कारण तिथे ॲडमिन आपल्यातलाच असतो व त्याला इतरांचा संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो. मात्र कायद्याच्या धाकावर विसंबू नका. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणून मंडळाने, ग्रामपंचायतीच्या ग्रुपने, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने आपापला नियम ठरवावा आणि ॲडमिनला समक्ष भेटून सांगावे. तुमच्यासारख्या शिक्षकाने दारात जाऊन सांगितलेले आपल्याकडे अजून ऐकले जाते.

या आठवड्यात सर्वांत आधी करायची गोष्ट पुराव्याची आहे, आणि म्हणूनच मुलींनी घाईने खाती बंद करू नयेत असे मी सांगते. मुलीला थेट आलेले संदेश खात्याबरोबर तिच्या हातून जातात. प्रत्येक शेऱ्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचे नाव, तारीख व वेळ दिसू द्या, रीलची लिंक वेगळी लिहून ठेवा आणि ज्या फोनवर हे दिसले तो फोन जपून ठेवा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर रीलची तक्रार त्या ॲपवर करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील समितीकडे दाद मागता येते.

पोलिसांकडे जायचे की नाही, हे मुलीने ठरवावे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ आहे, धमकीसाठी ३५१ आहे, आणि कलम ७९ ची माहिती ती स्वतः देत असेल तर ती महिला पोलीस अधिकारी किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी, असा कायदा आहे. तिच्या जातीवरून शिवीगाळ झाली असल्यामुळे १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा लागू होतो का, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला जरूर विचारा. तिथे महिलांना मोफत सल्ला मिळतो.

या साऱ्यापेक्षा मला त्या मुलीची काळजी अधिक वाटते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर मोहम्मद शमीवर धर्मावरून चिखलफेक झाली, तेव्हा विराट कोहलीने पत्रकार परिषदेत त्याची बाजू ठामपणे घेतली. त्यापायी त्याच्या तान्ह्या मुलीला धमक्या आल्या आणि मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एकाला अटक केली. बोलण्याची किंमत पडते, हे खरे. पण ती किंमत कर्णधाराने उचलली, एकट्या शमीवर सोडली नाही. आपल्या नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख हिने जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चारांवर बोलतात, हे इन्स्टाग्रामवरच उघड लिहिले. तेव्हा ती १८ वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये तिने जॉर्जियातील बातुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तुमच्या मंडळाच्या पानावर ती चढाई पूर्ण दाखवा, पाय कुठे टेकला आणि पंचांचा निर्णय का बरोबर होता हे प्रशिक्षक म्हणून तुमच्या नावाने समजावून सांगा, आणि संघ तिच्या पाठीशी आहे असे खाली सर्व मुलींच्या नावांनी लिहा; अर्थात तिची संमती असेल तरच. त्या पानावर शेरे गाळण्याची सोय सुरू ठेवा. इन्स्टाग्रामवर नको असलेल्या शब्दांची यादी आपली आपण भरता येते, आणि ती भरावीच लागते, कारण वऱ्हाडी शिव्या रोमन अक्षरांत चार तऱ्हांनी लिहिल्या जातात आणि कंपनीच्या यंत्रणेला त्या कळत नाहीत. हे काम खेळणाऱ्या मुलींवर टाकू नका. मंडळातील एखाद्या मुलाला द्या.

आणि तिला सरावाला बोलवायला एकटे जाण्याऐवजी संघातील दोघी-तिघींना सोबत न्या. फोनवर निरोप पाठवू नका.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, कुस्ती खेळते. तिच्या कुस्तीच्या फोटोवर कोणीतरी अश्लील मजकूर लिहून फिरवला. मी तिचा फोन काढून घेतला. पोलीस ठाण्यात गेलो तर गावात बभ्रा होईल, अशी भीती वाटते.
— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, तुमची भीती मी समजू शकते. पण फोन तिच्याकडून गेला आहे, ज्याने फोटो फिरवला त्याच्याकडून नाही. तिला वाटेल की शिक्षा आपल्यालाच झाली, आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणार नाही. फोन परत द्या आणि तिच्यासोबत बसून स्क्रीनशॉट काढून घ्या.

मुलगी अठरा वर्षांखालील असल्यामुळे २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा तिच्या बाजूने आहे. त्यानुसार तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि मुलीची ओळख माध्यमांपर्यंत जाणार नाही याची काळजी पोलिसांनी घ्यायची असते. ठाण्यात जाण्याआधी बोलायचे असेल तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. कुस्तीचा सराव मात्र एक दिवसही बंद करू नका.