‘मूकबधिर ऑलिम्पिक’ की ‘कर्णबधिर ऑलिम्पिक’?

प्रश्न असा आहे : डेफलिंपिक्स या ऐकू न येणाऱ्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला मराठीत ‘मूकबधिर ऑलिम्पिक’ म्हणावं की ‘कर्णबधिर ऑलिम्पिक’? शिवाय ‘बधिर’ म्हणजेच ज्याला ऐकू येत नाही तो, तर मग ‘कर्ण’ कशाला?

आधी ‘कर्ण’चं बघू. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे बहिराच. आपला ‘बहिरा’ तिथूनच आला. ‘दधि’चं ‘दही’ होताना ‘ध’चा ‘ह’ झाला, तसाच इथेही झाला. पण तत्सम ‘बधिर’ला मराठीत दुसराच अर्थ जास्त चिकटला. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, मोठ्या धक्क्याने मन बधिर होतं. नुसतं ‘बधिर खेळाडू’ लिहिलं की ही संवेदना गेल्याची छटा डोकावते. म्हणून संस्कृतच्या हिशेबाने ‘कर्ण’ जादा असला, तरी मराठीच्या हिशेबाने तो हवाच.

माझी खरी हरकत ‘मूक’ला आहे. ऐकू न येणं आणि बोलता न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक कर्णबधिरांच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो, आणि सांकेतिक भाषेत तर ते भरभरून बोलतात. मूकपटातली माणसंही बोलतच असतात, ऐकू येत नाही ते आपल्याला!

या स्पर्धेच्या मूळ नावातही हा ‘मूक’ होता. ऑगस्ट १९२४मध्ये पॅरिसला नऊ देशांचे खेळाडू जमले, तेव्हा नाव होतं ‘इंटरनॅशनल सायलेंट गेम्स’. ही स्पर्धा उभी केली ती कर्णबधिरांनीच : फ्रान्सचे यूजेन रुबेन्स-आल्के आणि बेल्जियमचे आंत्वान द्रेस. हिवाळी स्पर्धा १९४९मध्ये ऑस्ट्रियातल्या झेफेल्डला सुरू झाल्या. १९६०च्या दशकात ‘सायलेंट’ गेलं आणि ‘वर्ल्ड गेम्स फॉर द डेफ’ आलं. ‘डेफलिंपिक्स’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मे २००१मध्ये मान्यता दिली, आणि त्याच वर्षीची रोमची स्पर्धा या नावाने झाली. खुद्द स्पर्धेने ‘मूक’ टाकून इतकी वर्षं झाली, तर आपण तो का धरून ठेवायचा?

तेव्हा माझं मत : स्पर्धेचं नाव विशेषनाम म्हणून ‘डेफलिंपिक्स’च ठेवावं, आणि खेळाडूंना ‘कर्णबधिर खेळाडू’ म्हणावं. बातमीत ‘कर्णबधिरांचं पॅरालिम्पिक’ मात्र कृपया लिहू नये. पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी वेगळा गटच नसतो, आणि पहिलं पॅरालिम्पिक झालं १९६०मध्ये, म्हणजे पॅरिसनंतर ३६ वर्षांनी. कर्णबधिरांची आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना काही काळ पॅरालिम्पिक समितीत होती, पण १९९५मध्ये बाहेर पडली. तिच्या खेळाडूंना धावण्या-पोहण्यात अडचण नसते, अडतं ते सूचना पोचण्यापाशी.

ते कसं सोडवतात, हेही वृत्तान्त लिहिणाऱ्याला माहीत हवं. प्रवेशासाठी चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल लागते, आणि स्पर्धा चालू असताना श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. त्यामुळे ‘पिस्तुलाचा बार झाला आणि धावपटू सुटले’ हे वाक्य इथे चालत नाही. धावपटूंसमोर दिवा असतो : लाल म्हणजे जागा घ्या, पिवळा म्हणजे सज्ज, हिरवा लागला की पळा. फुटबॉलमध्ये पंच निशाण हलवतो.

‘टाळ्यांचा कडकडाट’ही जपूनच वापरावा. तिथे प्रेक्षक दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन पंजे भराभर हलवतात. ‘टाळी’ म्हटली की ती वाजलीच पाहिजे; ‘दाद’ला तशी अट नाही. म्हणून मी लिहीन : ‘प्रेक्षकांनी हात उंचावून दाद दिली.’