प्राणी 'डावपेच' लढवतात का?

एका वाचकाने विचारलंय : गेम थिअरीतल्या (म्हणजे एकमेकांच्या वागण्यावर निकाल ठरतो, अशा प्रसंगांच्या गणितातल्या) 'स्ट्रॅटेजी'ला मराठीत सर्रास 'डावपेच' म्हणतात. मग हरणांच्या झुंजीबद्दल लिहितानाही तोच शब्द चालेल का?

माझ्या मते नाही. 'डावपेच' हा आखाड्यातला शब्द. समोरच्याने पट काढला तर आपण काय करायचं, याचा विचार पैलवानाच्या डोक्यात चालू असतो. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्राण्यांच्या संघर्षाचं गणित मांडलं, त्यात प्राणी असा विचार करतच नाही. वागण्याचा नियम तो जन्माला येतानाच घेऊन येतो. ज्या नियमाने पिल्लं जास्त जगतात, तो पुढच्या पिढीत वाढतो. म्हणून इथे मी 'रीत' म्हणेन. रीत वाडवडिलांकडून येते आणि माणूस ती विचार न करता पाळतो.

समजा, एका जातीत दोन रिती आहेत. 'ससाणा' जखमी होईपर्यंत लढतो. 'होला' नुसता आव आणतो, समोरचा भिडला की पळतो. (ही फक्त नावं, १९७३च्या लेखात होल्याच्या जागी उंदीर होता. 'जहाल-मवाळ'ही सुचतात, पण मग टिळक-गोखलेच डोळ्यांपुढे येतात.) जिंकण्याचा लाभ २० आणि जखमेचा तोटा ८० धरा. सगळेच होले असतील तर दोघांच्या गाठीत प्रत्येकाला सरासरी १० मिळतात. तिथे घुसलेला एकटा ससाणा दर वेळी २० नेतो, म्हणून ससाणे वाढतात. पण सगळेच ससाणे झाले की सरासरी उणे ३०, आणि पळणाऱ्या होल्याचं नुकसान शून्य. ससाणे एक चतुर्थांश झाले की दोन्ही रितींची कमाई सारखी होते आणि प्रमाण तिथेच ठरतं. एकही प्राणी जातीच्या भल्याचा विचार करत नाही, तरी बहुतेक झुंजी रक्ताविना मिटतात! मला हे फार सुंदर वाटतं.

एका झुंजीपुरत्या आविर्भावाला मात्र 'पवित्रा' हा नेमका शब्द आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावरचे रेड डिअर जातीच्या हरणांचे नर आधी एकमेकांवर डुरकतात, मग शेजारी शेजारी चालत अंदाज घेतात, आणि तरीही निकाल लागला नाही तरच शिंगांना शिंगं भिडवतात. डुरकणं आणि बरोबरीने चालणं हे पवित्रे. 'समोरचा वरचढ दिसला तर मागे फिर' ही रीत.