विमा विकायला बोलघेवडं असावं लागतं का?

प्रश्न : मी बार्शीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आयुर्विमा एजंट व्हायचा विचार आहे. पण स्वभावाने अबोल आहे. एका शाखेत गेलो, तर 'आजच सही करा, उद्या स्कीम बंद', 'पैसे दुप्पट होणार' अशी वाक्यं पाठ करायला दिली. ती माझ्या तोंडून निघत नाहीत. मला हे काम जमेल का?

उत्तर : जमेल. आणि ती वाक्यं तोंडून निघत नाहीत, हे फार बरं आहे. विम्यात गिऱ्हाईक आधी तुझ्या शब्दावर सही करतं, पॉलिसीचा कागद मागाहून घरी येतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्या दिवसांत घरातलं शिकलेलं एखादं पोर तो कागद वाचतंच. तू जे बोललास ते तिथे छापलेलं दिसलं पाहिजे.

युलिप (विम्यासोबत पैसे बाजारात गुंतवणारी पॉलिसी) विकताना वर्षाला ४ आणि ८ टक्के परतावा धरलेले दोन तक्ते दाखवावे लागतात. बहुतेक एजंटांचं बोट ८ टक्क्यांवरच असतं. तू आधी ४ टक्क्यांवर ठेव आणि सांग, "काका, हे दोन्ही नुसते अंदाज आहेत. हमी कशाचीच नाही." साध्या टर्म प्लॅनला असं म्हण : "मुदतभर तुम्ही ठणठणीत राहिलात, तर एक रुपयाही परत मिळणार नाही. मध्येच काही बरंवाईट झालं, तर घरच्यांना ५० लाख मिळतील." नको वाटणारं वाक्य आधी आलं, की दुसऱ्यावर विश्वास बसतो. काही जण तिथेच उठून जातील, जाऊ देत.

प्रस्तावाचा फॉर्म भरताना तर शब्दांना फारच जपावं लागतं. "तंबाखू घेता का?" असं विचारलं, की मावशी बिनदिक्कत "नाही" म्हणतात. त्या खोटं बोलत नसतात. रोज सकाळी दाताला लावायची मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. म्हणून "मिश्री लावता का? मावा, तपकीर, कधीमधी विडी?" असं नाव घेऊन विचार. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या ३ वर्षांत कंपनी लपवलेल्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. तो नकार मावशींच्या मुलांच्या हाती पडतो, आणि गावात नाव निघतं ते तुझं. मिश्री लिहिल्याने हप्ता वाढला, तर का वाढला तेही तिथल्या तिथे सांग.

"पहिल्या हप्त्यातले थोडे परत देतो" हे वाक्य मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी उच्चारू नकोस. त्याच कायद्याच्या कलम ४१ नुसार त्याला बंदी आहे.

एजंट व्हायला दहावी पास आणि वय १८ पूर्ण हवं, शिवाय आयसी-३८ ही परीक्षा द्यावी लागते. पगार नसतो, कमिशन असतं. सुरुवातीला हात आखडता राहील, म्हणून पदवी पूर्ण कर आणि हे काम जोडीला ठेव. पुढच्या वर्षांच्या हप्त्यांवरही कमिशन मिळतं, पण गिऱ्हाइकाने ते भरले तरच. त्यामुळे शाखा निवडताना मॅनेजरना एक विचार : "तुमची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती?" म्हणजे दुसऱ्या वर्षीचा हप्ता किती जण भरतात. उत्तर द्यायला ते टाळाटाळ करू लागले, तर बार्शीत दुसऱ्या कंपनीची शाखा शोध.