तलाव आमचा, मंग मासोळीचं बीज कलकत्त्याचं काऊन?

प्रश्न : भाऊ, आमचं गाव साकोली तालुक्यातलं, मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या काठचं. आमचे आबाजी म्हणतात का त्यायच्या लहानपणी तलावात मरळ, झिंगे, बारीक मासोळी आपोआप भेटे, पण कतला-रोहू पाहिजे तर कलकत्त्यावरून बीज आणा लागे. असं काऊन? अन आता बाजारात आंध्राची मासोळी बर्फात येऊन राहिली, ते का भानगड हाय? देशाची मासेमारी तं समुद्रातच होते नं?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : आबाजी बरोबर सांगून राहिले. कतला, रोहू, मृगळ ही मुळात नदीची मासोळी. थांबलेल्या पाण्यात वाढते मस्त, पण अंडी टाकायला तिला पावसाळ्याचं वाहतं पाणी लागते, म्हणून बंगालात नदीच्या पुरात जाळं लावून जिरं गोळा करायचे (जिऱ्याएवढं पिल्लू ते जिरं, बोटाएवढं झालं का बोटुकली) अन तेच दूरदूर जायचं. वाटेत किती मरे त्याचा हिशोब नाही, अन त्यात एखादी दुसऱ्याले खाणारी जात मिसळून आली का झालं, बाकीचं बीज तिच्याच पोटात.

ही अडचण सुटली १० जुलै १९५७ ला, ओडिशातल्या अंगुलला. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं माशाच्या डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क जिवंत मासोळीला टोचला आणि तिनं नदी न पाहताच अंडी टाकली! १० जुलैला मत्स्य शेतकरी दिवस पाळतात तो याच्यासाठीच. अर्थात इंजेक्शन आज टोचलं अन उद्या साकोलीत बीज आलं असं नाही झालं, पुढं गोल टाक्यांच्या हॅचऱ्या (अंड्यातून पिल्लं काढायच्या जागा) निघाल्या तेव्हा कुठं जिरं जवळपास भेटू लागलं.

समुद्राचं म्हणाल तर ते जुनं झालं आता. १९५२ ला नॉर्वेसोबत करार झाला, केरळात नींदकराकडे इंजिनाच्या बोटी आल्या, मग झिंग्याच्या एक्स्पोर्टपायी ट्रॉलर (मोठं जाळं ओढत नेणाऱ्या इंजिनाच्या बोटी) इतके वाढले का छोट्या होडीवाल्यांनी आंदोलनं केली अन १९८८ ला केरळला पावसाळी ट्रॉलिंग बंद करावं लागलं. आपल्या कोकणातही जून-जुलैचे ६१ दिवस बंदी असते. तिकडं समुद्र अडकला अन इकडं तळी वाढली. २०२२-२३ ला देशात १७५ लाख टन मासोळी निघाली, त्यातली १३१ लाख टन गोड्या अन खाडीच्या पाण्याची, म्हणजे चार किलोतले तीन किलो समुद्राबाहेरचे.

आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या आजूबाजूला धानाच्या बांध्या (बांधाची शेतं) मोडून खास मासोळीसाठी तळी खोदली, बारमाही पाणी, खुराक, बर्फ, ट्रक, सगळं त्याच हिशोबानं. (इतकी खोदली का २००६ ला अभयारण्यातली तळी सरकारनं फोडली.) आपला मामा तलाव मात्र कोहळी लोकांनी बांधला धानासाठी. मालगुजारी (जमीनदारीची जुनी पद्धत) १९५१ च्या सुमारास गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाण्यावर पहिला हक्क धानाचाच राहिला, आणि तो राहायलाच पाहिजे. मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थेला ठेका भेटते, बोटुकली सोडतात, अन ती किलोभर व्हायच्या आत उन्हाळ्यात तलाव आटते. मेहनत कमी नाही पडत बापा, पाणी कमी पडते.

बाकी आबाजींना त्या बारीक मासोळ्यांची गावची नावं विचारा अन लिहून धाडा, आमच्याकडं पाचच जमली आहेत.